रुळाचे वंगण आणि भेगा
बोरघाटातल्यासारख्या वळणांवर चाकाची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला घासते. तिथे ग्रीस लावले की झीज बरीच कमी होते. पण कोरड्या रुळावर आधीच बारीक भेगा पडल्या असतील, तर नंतर आत शिरलेले वंगण घातक ठरू शकते. चाक वरून जाताना भेगेचे तोंड मिटते, अडकलेल्या द्रवावर दाब येतो आणि भेग आणखी खोल जाते. पाण्यानेही हेच होते. शिवाय एरवी झिजेबरोबर निघून जाणारी भेग वंगणामुळे टिकून राहते. भेगा वाढल्या की काय होते, ते इंग्लंडमधल्या हॅटफील्डला १७ ऑक्टोबर २००० रोजी दिसले: थकलेला रूळ फुटला, चौघे दगावले. दोष वंगणाचा नव्हता, पण धडा तोच. रूळ वेळेवर ग्राइंड करून कोवळ्या भेगा काढायच्या, मगच वंगणावर विसंबायचे, हे मला अत्यावश्यक वाटते.