भूप की देशकार?

आमचे वडील दरबारी गवई. त्यांनी म्हणावे, मी तसेच म्हणावे, अशी आमची तालीम. तिला मी नावे ठेवणार नाही. कान तिनेच तयार होतो. परंतु वर्गात २० मुले बसली म्हणजे तेवढ्याने भागत नाही.

मूल ज्ञान नुसते घेत नाही, स्वतः रचते, असे पियाजे यांचे म्हणणे. १९६१ साली ब्रूनर यांनी शोधातून शिकण्यावर लेखच लिहिला. म्हणून धडा आखताना मी रागाचे नाव राखून ठेवतो. सा रे ग प ध, एवढेच फळ्यावर लिहितो आणि एक चीज भूपातली, एक देशकारातली ऐकवितो. स्वर तेच, मग निराळे का वाटते? कोणी म्हणते ताल वेगळा. मग एकाच तालात गाऊन दाखवितो. अखेर एखादी मुलगी म्हणते, "गुरुजी, पहिल्यात तुम्ही गंधारावर थांबता, दुसऱ्यात धैवतावर." 'वादी' हा शब्द मी तेव्हा लिहितो, आधी नव्हे.

पालक विचारतात, सांगून टाकले तर वेळ नाही का वाचणार? वाचेल, पण नुसते सांगितलेली मुले देशकार गाता गाता भूपात घसरतात, हे मी नेहमी पाहतो.

पुढच्या आठवड्यात पेटीवर भूपाच्या गंधारालाच षड्ज मानून तेच पाच स्वर वाजवायला सांगणार आहे. त्यातून मालकंस निघतो, हे मुलांना अजून ठाऊक नाही.