वेग थांबतो, उष्णता उरते

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगाराला लोखंडाचे तापमान रंगावरून सांगता येते. भट्टीतून बाहेर पडलेले बिलेट १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पिवळट नारिंगी दिसते. तेच निवत निवत ६०० अंशांवर आले की अंधारात जेमतेम जाणवणारा काळपट तांबडा रंग उरतो. हा काळपट तांबडा रंग रेसिंग ट्रॅकवर धावणाऱ्या मोटारीच्या चाकाआडही कधीकधी दिसतो. तिथे ना भट्टी असते, ना कोळसा. ब्रेकच्या चकतीला, म्हणजे डिस्कला, तापवतो तो मोटारीचाच वेग.

रोज ऑफिसला नेण्याची मोटार एक दिवस ट्रॅकवर नेऊन पळवायची, याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आणि २०११मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीसाठी बांधलेले ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही त्यासाठीची देशातली परिचित ठिकाणे. महाराष्ट्राचा या खेळाशी संबंध चाकणमुळे आहे. तिथे २०२२पर्यंत तयार होणाऱ्या पोलो मोटारीची शर्यतीसाठी सजवलेली आवृत्ती घेऊन फोक्सवॅगनने २०१०पासून देशात स्पर्धा भरवल्या. रस्त्यावरची साधी मोटार ट्रॅकवर गेली की इंजिनाच्या आधी ब्रेक हात टेकतात. असे का होते, हे समजून घेण्याची गरज ट्रॅकवर कधीही न जाणाऱ्यालाही आहे. कारण जालना जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि भोकरदन, सिल्लोडमार्गे जळगावकडे निघालेल्या प्रत्येक गाडीला अजिंठ्याचा घाट उतरावा लागतो.

हिशेब उष्णतेचा

ब्रेक वेग नाहीसा करत नाही. तो वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलतो, आणि मग ती उष्णता कुठेतरी जावी लागते. माणसांसह १,२०० किलो वजनाची हॅचबॅक ताशी १२० किलोमीटरने जात असेल, तर तिच्यात सुमारे ६ लाख ६७ हजार जूल गतिज ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेत दोन लिटर पाण्याला उकळी फुटते. वेग निम्मा, म्हणजे ६० केला, तर ऊर्जा निम्मी न होता चौथाई होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ही मोटार जोरात ब्रेक दाबून थांबवायला सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ब्रेक सरासरी दोनशेहून अधिक अश्वशक्तीने काम करतात. त्याच मोटारीचे इंजिन ८० ते ९० अश्वशक्तीचे असते. म्हणजे मोटारीतले सर्वांत ताकदवान यंत्र बॉनेटखाली नाही, चाकांत आहे.

ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते, त्यामुळे साधारण ७० टक्के काम पुढच्या दोन चाकांवर पडते. पुढची प्रत्येक डिस्क पाच किलोची धरली, तर १२०वरून एकदा थांबताना तिचे तापमान सुमारे १०० अंशांनी वाढते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो आणि मग डिस्कला निवायला बराच वेळ मिळतो. ट्रॅकवर मात्र सरळ पट्ट्याच्या शेवटी १४०वरून ६०वर यावे लागते, त्यात डिस्क ११० अंशांनी तापते आणि काही सेकंदांत पुढचे वळण येते. सुरुवातीच्या फेऱ्यांत आत आलेली उष्णता बाहेर गेलेल्या उष्णतेपेक्षा जास्त असते. हे तापमान चढत चढत जिथे आवक आणि जावक सारखी होते तिथे स्थिरावते. तो आकडा डिस्कवर दाबले जाणारे पॅड आणि ब्रेक ऑइल यांना सोसणारा असला पाहिजे. ब्रेकची निवड म्हणजे याच आकड्याची निवड.

मोठे ब्रेक बसवले की गाडी कमी अंतरात थांबते, असा एक समज गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो. एका थांब्यापुरता तो खरा नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करू लागली, याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. पहिल्या थांब्याचे अंतर टायर ठरवतो. दहाव्या, विसाव्या थांब्याचे अंतर मात्र ब्रेक किती उष्णता बाहेर टाकू शकतात यावर ठरते.

पॅडमध्ये काय असते

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या डोंगराळ रस्त्यांवर घोडागाड्या उतरताना हर्बर्ट फ्रूड यांनी पाहिल्या. चाकाला टेकणाऱ्या ठोकळ्यांवर गाडीवान जुन्या बुटांचे तुकडे लावत. त्यातून सुचलेल्या कल्पनेवर त्यांनी १८९७मध्ये ब्रेकसाठी घर्षणाचे खास साहित्य बनवायला सुरुवात केली आणि ‘फेरोडो’ ही कंपनी उभी राहिली. पुढे अनेक दशके ब्रेकच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस वापरले गेले; फुप्फुसाच्या आजारांमुळे ते मागे पडले.

आजच्या पॅडमध्ये तंतू, धातूची भुकटी, ग्रॅफाइट आणि खरखरीत कण फिनॉलिक रेझिनने एकत्र बांधलेले असतात. नेहमीच्या मोटारीत येणारे ऑर्गॅनिक पॅड आवाज करत नाहीत, डिस्क फारशी झिजवत नाहीत आणि थंड असतानाच उत्तम पकडतात. पण तापमान ३०० ते ४०० अंशांकडे गेले की रेझिनचे विघटन सुरू होते. त्यातून निघणारा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये अडकतो, घर्षण घसरते, आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही. यालाच ब्रेक फेड होणे म्हणतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातूचे प्रमाण जास्त असल्याने ते अधिक उष्णता सोसतात, पण थोडा आवाज आणि जास्त काळी धूळ देतात. खास रेसिंगचे पॅड ६०० अंशांच्याही पुढे टिकतात. मात्र ते थंड असताना नीट पकडत नाहीत.

समृद्धीवर जाणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावे. जालन्याहून नागपूरकडे निघालेली मोटार तासभर ब्रेकला पाय न लावता धावू शकते. तेवढ्यात ब्रेक वाऱ्याने पूर्ण थंड होतात. अशा वेळी अचानक जनावर आडवे आले, तर पहिल्याच दाबात पकडणारे पॅड हवेत. रेसिंगचे पॅड तिथे धोक्याचे आहेत. ‘रेसिंगचे म्हणजे भारी’ असे समजून ते रोजच्या मोटारीत बसवू नयेत. ट्रॅकला जाताना बसवावेत, परत निघण्याआधी काढावेत. दोन वेळा बदलणे शक्य नसेल, तर चांगले सेमी-मेटॅलिक पॅड ही मधली वाट आहे.

अनेक पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साध्या तापमानाचे घर्षण सांगते, दुसरे तापल्यावरचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्याहून खालचे असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. दुकानदाराला ही अक्षरे दाखवायला सांगा.

ब्रेक ऑइल आधी

ट्रॅकची तयारी करणारे लोक पॅडवर खर्च करतात आणि ऑइल विसरतात. खर्चाचा क्रम उलटा हवा. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो तो ग्लायकॉलवर्गीय द्रव हवेतली आर्द्रता शोषतो. ताज्या ‘डॉट ३’ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की १४० अंशांची हमी उरते. डॉट ४साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट ५.१साठी २६० आणि १८०. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दबते. म्हणून पेडल थेट खाली जाते, आणि तेही आधी कसलीही सूचना न देता.

कोरड्या मराठवाड्यातही पावसाळ्याचे चार महिने पुरेसे दमट असतात. त्यामुळे दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे रोजच्या मोटारीलाही आवश्यक आहे. ट्रॅकला जाण्याआधी तर ते ताजे भरून, एअर पूर्ण काढूनच निघावे. सिलिकॉनचे डॉट ५ हे वेगळे रसायन आहे. ते या ऑइलमध्ये कधीही मिसळू नये.

थंड कसे ठेवायचे

पुढच्या डिस्क बहुधा दोन पातळ चकत्यांच्या बनलेल्या असतात आणि मध्ये पोकळ पन्हळी असतात. डिस्क फिरते तेव्हा ती पंप बनते: हवा मधून ओढते आणि कडेने बाहेर फेकते. म्हणून बंपरमधून हवेचा पाइप आणायचा, तर त्याचे तोंड डिस्कच्या मध्यभागी रोखलेले हवे. बाहेरच्या पृष्ठभागावर हवा मारली तर एकच बाजू थंड होते आणि डिस्कवर ताण येतो.

मे महिन्यात जालन्याचे तापमान ४३ अंशांवर जाते, तेव्हा ब्रेकचे काय, असे विचारले जाते. ५०० अंशांवरच्या डिस्कला २८ अंशांच्या हवेऐवजी ४३ अंशांची हवा मिळाली, तर हवेला दिल्या जाणाऱ्या उष्णतेत फक्त तीन टक्क्यांची घट होते. उन्हाळ्याने ब्रेक निकामी होत नाहीत. न थांबता काढलेल्या फेऱ्यांनी होतात. चार-पाच जोरदार फेऱ्यांनंतर एक फेरी हळू, शक्यतो ब्रेक न दाबता काढणे हा बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये, पेडलवर पाय ठेवून बसू नये. तापलेला पॅड एकाच जागी चिकटून राहिला की त्याचा थर डिस्कवर बसतो आणि पुढे ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरते.

तापलेल्या डिस्कवर पाणी तर मुळीच ओतू नये. टीएमटी सळईवर मिलमध्ये पाण्याचा मारा करतात तो तिची बाहेरची कातडी कठीण करण्यासाठी. आतल्या उष्णतेने ती पुन्हा मऊ, चिवट होते. डिस्क मात्र बिडाची असते. बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात. त्यांच्यामुळे उष्णता झपाट्याने पसरते आणि कंपने दबतात, पण अचानक थंड केल्यास तिथूनच तडे जातात.

घाटासाठीही हेच शास्त्र

याच हॅचबॅकने १०० मीटर उंची उतरताना सुमारे ११ लाख ८० हजार जूल ऊर्जा जिरवावी लागते, म्हणजे १२०वरून एकदा थांबण्याच्या जवळजवळ दुप्पट. १६ टनांच्या, सळईने भरलेल्या ट्रकला तेवढ्याच उतारावर दीड कोटीहून अधिक जूल जिरवावे लागतात. त्याच्या चाकांत ड्रम असतात आणि ब्रेक दाबला की शू आतून त्यांना टेकतात. तापले की ड्रम पसरतो, शूपासून दूर जातो आणि पकड कमी होते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा चालक ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकतो. खालचा गिअर टाकला तर तिचा मोठा वाटा इंजिन सोसते.

जालन्याच्या वाहनमालकांना आणि चालकांना म्हणून सांगणे एवढेच: वेगाची हौस असेल, तर ताजे ब्रेक ऑइल, योग्य पॅड आणि हळू फेरीची शिस्त घेऊन ट्रॅकवर जा. समृद्धीवर मोटारीसाठीची १२०ची मर्यादा पाळा आणि घाटात ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. आणि मोटार पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा मॅकेनिकला पहिला प्रश्न विचारा, ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले?