कुकरच्या झाकणाची घाई

परवा गटाच्या बैठकीला एक ताई हाताला फडकं गुंडाळून आली. घाईत गरम कुकरचं झाकण ओढलं, डाळ अंगावर उडाली.

उघड्या पातेल्यात पाणी साधारण 100 अंशांना उकळतं. मग कितीही जाळ घाला, त्यापुढे तापत नाही. कुकरात वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास जातं. म्हणून तर डाळ लवकर शिजते! झाकण एकदम काढलं की दाब जातो, पण पाणी तेवढंच तापलेलं. त्यातलं थोडं क्षणात वाफ होतं आणि डाळ वर फेकतं.

कुकर आपोआप निवू द्या. मग चमच्याने शिट्टी जरा उचला. फुस्स झालं तर अजून थांबा. डाळ-पाणी मिळून निम्म्याच्या वर नको, फेस शिट्टीत अडकतो.