ज्या दिवशी बंदर येत नाही

ओतूर मागे टाकून माळशेजच्या दिशेने निघालेली गाडी घाट उतरते, मुरबाड आणि कल्याण ओलांडून मुंबईत शिरते आणि बॅलार्ड पियरच्या क्रूझ टर्मिनलपाशी थांबते. ही वाट जवळपास दोन हजार वर्षांची आहे. सातवाहनांच्या काळात ती शेजारच्या नाणेघाटातून उतरत असे आणि माल उलट्या दिशेने वर चढत असे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, कल्याण बंदराचे नाव आहे. त्या बंदरावरून येणारे तांडे नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण ओलांडून जुन्नरला पोचत. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परदेशी लोकांची, दाने कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या, चिताने भोजनमंडप दिला आणि चंदाने लेण्याचा दर्शनी भाग करून दिला. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या या गावाचे समुद्राशी असलेले नाते असे दगडात लिहिलेले आहे.

आता जुन्नर-आंबेगावची माणसे तोच समुद्र सहलीसाठी पाहायला निघतात. द्राक्षाचा हंगाम आटोपला, कांदा चाळीत पडला की नारायणगाव-मंचरकडची कुटुंबे चारधाम, अष्टविनायक, केरळ करतात, त्या यादीत अलीकडे क्रूझही आली आहे. पण नोंदणी करण्याआधी घरातल्या थोरल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: दिवसभर नुसत्या पाण्यात करायचं काय?

प्रश्न रास्त आहे. क्रूझच्या वेळापत्रकात काही दिवसांपुढे गावाचे किंवा बेटाचे नाव नसते, तिथे ‘समुद्रात’ एवढेच लिहिलेले असते. त्या दिवशी बंदर येत नाही, कुणी उतरत नाही, चढत नाही. अनेकांना तो दिवस फुकट गेलासा वाटतो. खरे तर क्रूझच्या सहलीतला सगळ्यात मोलाचा दिवस तोच. गाव, देऊळ, किल्ला, बाजार हे सगळे रस्त्यानेही गाठता येते. चारही बाजूंनी किनारा दिसेनासा झालेला एक अख्खा दिवस मात्र जहाजाशिवाय मिळत नाही.

हा दिवस पूर्वी कुणी हौसेने घेत नसे, तो सोसावा लागे. जुन्नरकरांना याचा सर्वांत चांगला साक्षीदार घरबसल्या लाभला आहे, तो म्हणजे अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर शहराचा हा व्यापारी १४७० च्या आसपास होर्मुझहून एका घोड्यासह ‘तवा’ जातीच्या गलबतात बसला आणि सहा आठवड्यांनी चौलला उतरला. अशा गलबतांत माणसे आणि जनावरे एकत्र असत. निकितीनसाठी तो घोडा म्हणजेच सगळे भांडवल होते, कारण हिंदुस्थानात चांगले घोडे पैदा होत नाहीत आणि म्हणून त्यांना मोठा भाव मिळतो, असे त्याने ऐकले होते. सहा आठवडे घोड्याला दाणापाणी करत, त्याच्या पायांवर नजर ठेवत घालवायचे हा त्याचा समुद्रातला दिनक्रम असणार.

चौलहून तो पालीमार्गे जुन्नरला आला आणि पावसाळ्यात इथेच अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, त्याच दिवसांत चाललेली नांगरट आणि पेरणी, घोड्यांना हरभरे आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी, अशा बारीकसारीक नोंदी त्याने करून ठेवल्या आहेत. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. खोजा मुहम्मद नावाच्या खुरासानी गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला.

परतीचा प्रवास त्याने दाभोळहून केला, आणि समुद्रातल्या दिवसांचा खरा अर्थ तिथे कळतो. महिनाभर पाण्यात काढल्यावर समोर डोंगर दिसले, ते होर्मुझचे नसून हबशांच्या देशाचे निघाले. वाऱ्याने गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेऊन लावले होते. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी देऊन त्यांनी लूट टाळली आणि मग मस्कतची वाट धरली. निकितीनची पुस्तके आधीच व्होल्गेवरच्या दरोड्यात गेलेली, त्यामुळे सणवार कधी येतात हे त्याला अदमासाने ठरवावे लागे. तारीख हरवलेला हा माणूस आकाशातल्या कृत्तिका आणि मृग पाहून काळाचा माग घेत होता. घरी, त्वेरला, तो पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. चौलच्या शेजारी रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘परदेसी’ या १९५७ च्या चित्रपटाचा नायकही तोच. तो पावसाळाभर राहिला त्या जुन्नरमध्ये मात्र त्याची आठवण याहून ठळक असायला हवी.

सोसण्याचा हा दिवस विकत घेण्याजोगा कसा झाला, याचे श्रेय बरेचसे हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिनला जाते. त्याच्या कंपनीची मोठी जहाजे हिवाळ्यात रिकामी पडत, कारण उत्तर अटलांटिकच्या थंडीवाऱ्यात प्रवासी मिळत नसत. २२ जानेवारी १८९१ रोजी त्याने ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राच्या फेरीवर काढले. कुठे पोचवण्यासाठी नाही, फिरवून परत आणण्यासाठी. सफर दोन महिने चालली आणि यशस्वी झाली. मग १९०० मध्ये केवळ सहलीसाठी बांधलेले जहाजही त्याने पाण्यात उतरवले. मधले रिकामे दिवस भरून काढायला डेकवरचे खेळ, वाद्यवृंद, लांबलचक जेवणे आली. चोवीस तासांत जहाजाने किती मैल कापले यावर पैजा लागत आणि दुपारी आकडा जाहीर होण्याची सगळे वाट पाहत.

मराठी माणसाचा समुद्रातला दिवस याहून साधा होता. मुंबई-गोवा बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीला जाई. डेकवर चटई अंथरायची, डबा सोडायचा, शेजाऱ्याला वाढायचे, गप्पा आणि भजन करत रात्र काढायची. बहुतेक बंदरांत बोट बाहेरच उभी राही आणि पडाव येऊन उतारू नेत. पावसाळ्यात सारे बंद. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे आजही कोकणात आपुलकीने घेतली जातात. २०१८ साली ‘आंग्रिया’ या बोटीने हा मार्ग पुन्हा जागवला, पण दुपारी सुटून दुसऱ्या सकाळी गोव्याला लागणाऱ्या त्या बोटीवर समुद्रातला पूर्ण दिवस असा मिळत नसे.

तो मिळतो सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सुटणाऱ्या, कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’वर. हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सँ-नझेर इथे ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधले गेले, आणि तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी मुद्दाम आखलेले ते पहिल्या जहाजांपैकी एक. लांबी सुमारे २११ मीटर, आठशेच्या आसपास खोल्या. पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, कॅसिनो, मुलांसाठी खेळघर, इतकेच काय चढाईची भिंतसुद्धा आहे. जीवधनचा कडा जवळून पाहिलेल्या पोरांना ही भिंत किरकोळ वाटेल, पण चालत्या जहाजावर चढण्याची गंमत वेगळीच.

अशा जहाजावरचा दिवस सुरू होतो तो आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रकाने. सकाळी योगासने, मग नाचाचा वर्ग, तंबोला, पाककृती, जादूचे प्रयोग, रात्री नाटक आणि गाणी. पहिल्यांदा जाणारा माणूस पेन घेऊन सगळ्यावर खुणा करतो आणि दुपारपर्यंत दमून जातो. अनुभवी प्रवासी दोनच गोष्टी निवडतात, सकाळची एक आणि संध्याकाळची एक. मधला वेळ ते समुद्राला देतात. हीच पद्धत योग्य.

समुद्राला वेळ द्यायचा म्हणजे काय, हे डोंगरातल्या माणसाला चटकन कळते. जुन्नरमध्ये मान वळवाल तिकडे शिवनेरी, चावंड, हडसर, लेण्याद्री किंवा मानमोडी नजरेला अडवतो. जहाजाच्या वरच्या डेकवर, पाण्यापासून तीस मीटर उंचीवर, क्षितिज सुमारे वीस किलोमीटरवर असते, तेही चहूबाजूंनी अखंड. नारायणगाव ते जुन्नर हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या आणि त्याहून जास्त पल्ल्यावर एकही अडसर नाही, हे पाहायची डोळ्यांना सवय व्हायलाच अर्धा तास लागतो. मग बारकावे दिसू लागतात. किनाऱ्याजवळचे मातकट हिरवे पाणी खोल समुद्रात गडद निळे होते. कुरव पक्षी मागे पडतात. लक्षद्वीपच्या बाजूला उडते मासे पाण्यातून उसळून दूरवर सरकत जातात. डॉल्फिन बहुतेकदा सकाळच्या शांत पाण्यात दिसतात, तेव्हा सूर्योदयाला डेकवर असणे केव्हाही शहाणपणाचे. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि सूर्यास्त उजव्या. ही एवढी गोष्ट माहीत असली तरी खुर्ची कुठे टाकायची हा प्रश्न सुटतो.

रात्री तर जरूर बाहेर यावे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, त्यामुळे या भागातल्या मुलांना आकाशाचे वेड नवे नाही. समुद्रातल्या अमावास्येच्या रात्री, दिव्यांपासून दूर, डेकच्या अंधाऱ्या कोपऱ्यात निकितीनने पाहिलेल्या त्याच कृत्तिका आणि मृग लख्ख दिसतात. हिवाळ्याच्या अखेरीस नशीब असेल तर जहाजाने कापलेल्या पाण्यात निळसर चमकही दिसते. सूक्ष्म सागरी जीव ढवळले गेले की ते असा प्रकाश देतात.

जहाज हे यंत्र म्हणूनही पाहण्यासारखे असते. अठरा नॉट म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर. वेग एवढाच, पण थांबा नसल्याने दिवसभरात आठशे किलोमीटर पार होतात. पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखांसारखी पाती बाहेर काढून जहाज आपले डोलणे आवरते. अशा जहाजांवर पिण्याचे आणि आंघोळीचे पाणी बरेचसे समुद्राच्याच पाण्यातून मीठ काढून तयार होते. डिंभे आणि माणिकडोहच्या धरणांच्या परिसरात राहूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतल्या माणसांना ही व्यवस्था नक्की विचारावीशी वाटेल. कर्मचाऱ्यांना असे प्रश्न जरूर विचारावेत, मुलांना विचारायला लावावेत.

एक गोष्ट मात्र कंटाळा न करता करायची: सुटण्याआधीची सुरक्षा कवायत. १९१२ च्या ‘टायटॅनिक’नंतर समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ कलंडले, ३२ जण गेले, आणि त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीने सहाशेहून अधिक माणसे गमावली. मराठी घरांत या कवायतीचे महत्त्व निराळे सांगायला नको.

बोट लागण्याची भीती अनेकांना घरी बसवते. मोठ्या जहाजावर, चांगल्या हवेत हा त्रास कमी होतो. तरी खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतली तर डोलणे सर्वांत कमी जाणवते. डॉक्टरांना विचारून गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची, पोट रिकामेही ठेवायचे नाही आणि तुडुंबही भरायचे नाही. मळमळले तर मोबाइल-पुस्तक बाजूला ठेवून उघड्या हवेत यायचे आणि क्षितिजावर नजर लावायची. आले चघळण्याचा घरगुती उपायही बऱ्याच जणांना मानवतो. मोबाइल तसाही फ्लाइट मोडवर टाकलेला बरा, कारण जहाजावरचे रोमिंग फार महाग पडते. शेतमालाचा भाव संध्याकाळी कळला नाही तर जीव वरखाली होणाऱ्यांनी नारायणगावच्या टोमॅटो बाजाराची जबाबदारी दोन दिवस भावावर सोपवून निघावे.

जेवणाचा मोह मोठा असतो. सकाळी नऊला आणि दुपारी एकला सगळे एकदम येतात. अर्धा तास आधी गेले तर खिडकीजवळची जागा मिळते. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर असते. म्हाताऱ्या माणसांना दुपारी वाचनाची शांत जागा किंवा सावलीतली आरामखुर्ची शोधून द्यावी, तीन पिढ्या एकत्र आल्या असतील तर पत्त्यांचा जोड बरोबर न्यावा. गावाकडे एकत्र बसून चार तास गप्पा मारायला सवड मिळत नाही, इथे ती आपोआप मिळते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सफर कोणती निवडावी? नुसती समुद्रात जाऊन परतणारी दोन रात्रींची फेरी स्वस्त पडते, पण पहिली संध्याकाळ जहाज ओळखण्यात आणि शेवटची सामान बांधण्यात जाते. बॅगा आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवाव्या लागतात. गोव्याच्या सफरीत लक्ष सगळे गोव्यावर. लक्षद्वीपची चार-पाच रात्रींची फेरी महाग असली तरी तिच्यात जाताना समुद्रातला निखळ दिवस असतो, पुढे प्रवाळाच्या बेटावर छोट्या होड्यांतून उतरायला मिळते आणि येताना दुसरा दिवस हाताशी असतो, ज्यात पहिल्या दिवशी राहून गेलेला सूर्योदय गाठता येतो. पैसे साठवून, वर्षभर उशिरा का होईना, हीच फेरी घ्यावी. सुमारे ऑक्टोबर ते मे हा मुंबईचा हंगाम आहे. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र सर्वांत निवांत असतो, आणि कांद्याची लागण उरकून द्राक्षाची तोडणी सुरू होईपर्यंतचे थोडे दिवस त्याच काळात सापडतात.