छप्पर रिकामे नसते

झुरिक शहराच्या वोलिसहोफेन भागात तळ्याचे पाणी गाळून शहराला पुरवणारे एक जुने केंद्र आहे. १९१४ साली ते बांधले, तेव्हा गाळणीच्या टाक्यांवर काँक्रीटची सपाट छपरे घालून त्यांवर माती पसरली. उन्हाळ्यात खालचे पाणी तापू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. मातीबरोबर गवताफुलांचे बी आले. आज तिथे कुरण आहे. आसपासच्या परिसरातून नाहीशी झालेली काही रोपे या छपरांवर टिकून आहेत आणि ऑर्किडच्याच ९ जाती तिथे सापडतात.

शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांना जे ठाऊक होते, ते आज स्वित्झर्लंडमधल्या नगरपालिकांना नव्याने आठवावे लागते आहे. सपाट छपराला पाणी अडवण्यापलीकडेही कामे असतात. सौर पॅनेल बसवायचे तर ती कामे कोणती, हे आधी विचारावे लागते.

घाई कशासाठी?

स्विस मतदारांनी २०१७ मध्ये नवी अणुवीज केंद्रे न बांधण्याचा कौल दिला. जून २०२४ मध्ये दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी नवा वीज कायदा मंजूर झाला. जलविद्युत सोडून अन्य नवीकरणीय स्रोतांतून २०३५ पर्यंत वर्षाला ३५ अब्ज युनिट वीज मिळवायची, असे उद्दिष्ट त्यात आहे. देशाचा एकूण वापर ५७ अब्ज युनिटांच्या आसपास आहे, म्हणजे उद्दिष्ट लहान नाही. तिथल्या ऊर्जा कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे योग्य छपरे वापरली, तर त्यांतूनच वर्षाला ५० अब्ज युनिट मिळू शकतात. आपल्या छपरावर किती ऊन पडते, हे पत्ता टाकून पाहता येईल असा नकाशाही या कार्यालयाने सर्वांसाठी खुला केला आहे.

या हिशेबात शाळा, रुग्णालये, गोदामे आणि वसाहतींची सपाट छपरे महत्त्वाची आहेत, कारण ती मोठी आणि सलग असतात. आपल्याकडच्या गच्चीसारखा त्यांचा रोजचा वापर नसतो. तिथे वाळवण नसते, झोपायला कोणी जात नाही, अनेकदा कठडाही नसतो. खडी पसरलेल्या त्या छपरावर माणूस क्वचितच चढतो. म्हणूनच ते रिकामे वाटते.

एक मीटर आणि ४५ अंश

१ जुलै २०२२ पासून सपाट छपरांसाठी नियम सोपे झाले. पॅनेल छपराच्या कडेपेक्षा एक मीटरहून अधिक उंच नसावे, खालून ४५ अंशांच्या कोनात पाहिले तर दिसू नये आणि त्यावरून ऊन फार परावर्तित होऊ नये. या तीन अटी पाळल्या, तर साधारणपणे बांधकाम परवाना लागत नाही, आगाऊ सूचना पुरते. वारसा इमारतींना मात्र परवानगी लागतेच. ४५ अंशांच्या अटीचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. पॅनेल कडेपेक्षा जितके वर येते, तितके आत सरकवायचे.

दुसरा प्रश्न पॅनेलच्या दिशेचा. दक्षिणेकडे तोंड करून पॅनेल चांगले तिरके उभे केले, तर एकेक पॅनेल जास्त वीज देते. पण झुरिकमध्ये डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर येतो. मुंबईत तोच कोन ४७ अंशांचा असतो. सूर्य इतका खाली असला की सावली वस्तूच्या उंचीच्या जवळजवळ तिप्पट पडते, त्यामुळे रांगांमध्ये मोठी जागा मोकळी सोडावी लागते. म्हणून अनेक ठिकाणी पॅनेल १० ते १५ अंश कलते ठेवून पूर्व-पश्चिम अशा जोड्यांत तंबूसारखी बसवतात. एकेक पॅनेल थोडी कमी वीज देते, पण छपरावर पॅनेल जास्त मावतात. वीजही दुपारी एकदम न येता सकाळ-संध्याकाळ विभागून मिळते, नेमकी घरे जागी असतात तेव्हा.

हिवाळ्याची अडचण मात्र यातूनही सुटत नाही. आल्प्सच्या उत्तरेकडचा सखल पट्टा त्या दिवसांत धुक्याच्या थराखाली असतो आणि वर्षाच्या विजेपैकी चौथ्या हिश्श्याहून थोडीच अधिक वीज थंडीच्या सहा महिन्यांत मिळते.

उष्णतेचा हिशेब

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो थेट आरोग्याशी जोडलेला आहे. २००३ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये नेहमीपेक्षा जवळजवळ हजार मृत्यू अधिक झाले. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. वय वाढले की तहान कमी जाणवते, घाम कमी येतो, आणि हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधांनी शरीराची जुळवून घेण्याची क्षमता आणखी घटते. बहुतेक स्विस घरांत एअर कंडिशनर नसतो. रात्रीही खोली थंड झाली नाही, तर शरीराला विसावा मिळत नाही. उष्णतेपासून पुरेसे संरक्षण मिळत नाही, म्हणून ज्येष्ठ स्विस महिलांची संघटना आपल्याच सरकारविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली आणि ९ एप्रिल २०२४ रोजी निकाल तिच्या बाजूने लागला.

बासल शहरात २००२ सालापासून नव्या आणि दुरुस्त होणाऱ्या सपाट छपरांवर हिरवळ लावणे बंधनकारक आहे. माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि ते सावकाश वाफ होऊन जाताना हवेतली उष्णता घेते. उष्णतारोधक थर चांगला असलेल्या नव्या इमारतीत घरातल्या तापमानाला याने फार फरक पडत नाही. जुन्या इमारतीतल्या सर्वांत वरच्या मजल्याला आणि आजूबाजूच्या हवेला मात्र पडतो.

मग पॅनेल की हिरवळ? नीट आखणी केली तर दोन्ही. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, त्यामुळे तापलेल्या खडीपेक्षा हिरवळीवरची थंड हवा पॅनेललाही मानवते. मातीच्या वजनाने पॅनेलचा सांगाडा जागेवर राहतो, म्हणून छपराला भोके पाडावी लागत नाहीत. जुनी खडी काढून तेवढ्याच वजनाची माती घातली, तर इमारतीवरचा भारही वाढत नाही. झाडे मात्र बुटकी निवडायला हवीत आणि पॅनेलची खालची कड मातीपासून वीत-दीड वीत वर हवी. नाहीतर वर्षभरात गवतच पॅनेलवर सावली धरते. विंटरथुर शहरात दोन्ही बाजूंनी ऊन घेणारी पॅनेल हिरव्या छपरावर भिंतीसारखी उभी करूनही पाहिली आहेत.

वर चढणारी माणसे

या कामात सर्वांत मोठा धोका असतो तो वर चढणाऱ्या कामगाराला. लुत्सर्नची ‘सुवा’ ही अपघात विमा संस्था यावर वर्षानुवर्षे बोट ठेवत आली आहे. २०२२ पासून स्विस नियमांनुसार बांधकामावर पडण्याची उंची दोन मीटर झाली की संरक्षण हवेच. छपरावरच्या अगदी थोड्या वेळाच्या कामांनाच काही सवलत आहे. दोन मीटर म्हणजे फार वाटत नाही, पण डोके आधी जमिनीला लागले तर कवटी फुटायला किंवा मणका मोडायला तेवढे पुरते. ४५ अंशांच्या नियमाने कडेला जो पट्टा मोकळा राहतो, तो पायवाट म्हणून वापरण्याचा मोह होतो, आणि छपरावरची सर्वांत धोक्याची जागा तीच असते. म्हणून ये-जा करायची वाट, दोर अडकवायचे आधार आणि काचेच्या झरोक्यांवरच्या जाळ्या पहिल्या आराखड्यातच दाखवाव्या लागतात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. स्वित्झर्लंडमध्ये ॲस्बेस्टॉसवर १९९० मध्ये बंदी आली. त्याआधीच्या इमारतींत सिमेंटच्या पत्र्यांत, कडेच्या आच्छादनात, चिकटवण्याच्या द्रव्यातही ते असू शकते. ते कापले किंवा भोसकले, तर सूक्ष्म तंतू फुप्फुसात जातात आणि २० ते ४० वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. बंदीला तीन दशके उलटूनही तिथे माणसे जुन्या ॲस्बेस्टॉसमुळे दगावत आहेत. म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी नमुना प्रयोगशाळेत जायला हवा.

आधी तपासणी

शस्त्रक्रियेआधी रुग्णाची तपासणी होते, तशी छपराचीही व्हायला हवी. इमारत किती भार पेलेल, बर्फाचा भार धरून किती उरतो, पाण्याचे निचरे कुठे आहेत आणि पाणी अडवणारा थर किती जुना आहे, हे पाहावे लागते. हा थर साधारण २० ते ३० वर्षे टिकतो आणि पॅनेलही तितकीच. थराची पाच वर्षे उरली असताना त्यावर पॅनेल चढवली, तर पाच वर्षांनी सगळे उतरवून पुन्हा चढवावे लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. जुना थर आधी बदलला आणि त्याच वेळी खाली उष्णतारोधक थर घातला, तर खर्च एकदाच होतो आणि वरच्या मजल्यावरचा उकाडाही कमी होतो.

स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरांत राहतात. छपराबाबतचा निर्णय मालक घेतो, पण त्याखालच्या खोलीत झोपतो भाडेकरू. छपरावरची वीज इमारतीतल्या सर्वांनी वाटून वापरण्याची सोय कायद्याने झाली आहे. उन्हाळ्यातल्या गारव्याची वाटणी मात्र कोणत्याही मीटरवर दिसत नाही. तिचा विचार पहिले पॅनेल वर चढण्याआधी, आराखड्याच्या कागदावरच करावा लागतो.