सत्तेला कोणाची समजूत घालावी लागते?

मरोळहून महाकाली लेण्यांकडे जाणारा रस्ता माझ्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या पायाखालचा आहे. लेणी बहुतेकांनी पाहिलेली. पण सुट्टीत हिंडायला गेल्यावर पाहतात तशी. गेल्या वर्षी वर्गात रोमन साम्राज्याचा आरंभकाळ चालू असताना मी त्यांना मुद्दाम तेथे नेले. तिकडे रोममध्ये सम्राटांची राजवट उभी राहत होती त्या सुमारास आपल्या या कोंडिविट्याच्या डोंगरातही छिन्नी चालत होती, एवढेच मला दाखवायचे होते. नवव्या लेण्यात एक छोटा लेख आहे. गोतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान दिल्याचा. ते ऐकून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दान दिलं ते दिलं, पण दगडावर लिहून कोणाला दाखवायचं होतं?"

या प्रश्नाने मला माझे वडील आठवले. ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मजूर होते. फाटकावर लागलेली नोटीस ते शेजाऱ्याकडून वाचून घेत. पण नोटीस गोड भाषेत असली की ते न वाचताच ओळखत, की मालकाला आज आपली गरज आहे. इतिहासातले शिलालेख कसे वाचावेत हे मी विद्यापीठात शिकलो खरा. त्याचा पहिला धडा मात्र या फाटकावरचा आहे.

रोमचेच पाहा. इसवी सनापूर्वी २७ मध्ये ऑगस्टसने आपण सत्ता सिनेट आणि जनतेला परत करीत आहोत असे जाहीर केले. सिनेट पूर्वीसारखी बसत राहिली, कॉन्सल निवडले जात राहिले. फौजा मात्र त्याच्या हातात राहिल्या. इसवी सन १४ मध्ये तो वारल्यावर त्याने स्वतः लिहिलेला कार्यवृत्तांत त्याच्या समाधीपुढे ब्राँझवर कोरून लावला गेला. आजच्या अंकारा शहरातील एका मंदिराच्या भिंतीवर त्याची प्रत टिकून आहे. माझा मान सर्वांहून मोठा होता, पण अधिकार माझ्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता, असे तो त्यात सांगतो. सिनेटरांसाठी हे वाक्य. शहरातल्या गरिबांसाठी वाटलेल्या पैशांचा आणि धान्याचा हिशोब, निवृत्त सैनिकांसाठी जमिनी. गुलामीतून मुक्त झालेल्यांना गावोगावी सम्राटपूजेतले मानाचे पद मिळू लागले. ज्याची ज्याची संमती हवी, त्याच्यासाठी एक एक शब्द तयार होता.

आणि गुलामांसाठी? इसवी सन ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेदानियस सेकुंदस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या घरातले सर्वच्या सर्व, सुमारे ४०० गुलाम मारायचे होते. सामान्य लोक विरोधात रस्त्यावर आले. सिनेटने शिक्षा कायम केली आणि नीरोने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सैनिक उभे केले. ज्यांची संमती नको होती, त्यांच्याशी सत्ता बोलली नाही.

आता आपल्याकडे येऊ. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना पांडवलेणी म्हणण्याची रीत पडली, कोंडिविट्याच्या विहारांना महाकालीचे नाव चिकटले. (नाव बदलणे हीही समजूत घालण्याचीच एक तऱ्हा.) या त्रिरश्मीवर शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. ब्राह्मणांना तीन लाख गाई, दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना भोजन, नद्यांवर फुकट तरी, सोपाऱ्याला धर्मशाळा. आणि भिक्खूंच्या चीवरांसाठी व अन्य खर्चासाठी ३००० कार्षापण, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव. २००० वर महिना शेकडा एक व्याज, १००० वर पाऊण. राजा परका होता, म्हणून त्याला सर्वांनाच आपलेसे करायचे होते. व्याज मात्र विणकरांच्या हातांनी भरायचे. दात्याचे नाव कोरले गेले, विणकरांपैकी एकाचेही नाही.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर, म्हणजे नहपानाच्या चेहऱ्यावरच, सातकर्णीने आपला छाप मारला आहे. कित्येक नाण्यांवर खालचा चेहरा अजून दिसतो. बाजारात नाणे फिरेल तिथे तिथे नव्या राजाची बातमी जावी, याहून स्वस्त दवंडी नाही.

त्याच्या मृत्यूनंतर आई गौतमी बलश्री हिने तिसऱ्या लेण्यात त्याची प्रशस्ती कोरवली. तो पुलुमावीचा १९ वा वर्षाचा लेख. त्यात ज्याला त्याला ऐकायचे ते आहे. करदात्यांना: त्याने धर्माप्रमाणेच कर घेतले. नगरवासीयांना: तो त्यांच्या सुखदुःखात सहभागी होता. ब्राह्मणांना: तो अद्वितीय ब्राह्मण, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा. आणि त्यातच, चातुर्वर्ण्याचा संकर त्याने थांबवला. मित्रहो, हे कोठे कोरले आहे ते विसरू नका. भिक्खूंना दिलेल्या विहारात! विहार भिक्खूंना, आश्वासन वर्णश्रेष्ठांना.

एका शब्दाचा अर्थ काही अभ्यासक 'द्विजांची तशीच खालच्यांची कुळे वाढवणारा' असा लावतात. तो धरला तरी अर्थ उरतो तो असा, की वाढा, पण आपापल्या जागी. मला मात्र या बढाईतून दुसरेच ऐकू येते. संकर थांबवल्याचे दगडावर सांगावे लागले, म्हणजे माणसे मिसळत होती. त्याच डोंगरात मुगुदास नावाच्या कोळ्याने सहकुटुंब दिलेले लेणे आहे. जुन्नरला बुरुडांची आणि कासारांची श्रेणी दानाच्या ठेवी सांभाळत होती.

धर्माचा शिक्का राजाच्या शिक्क्याहून खोल उमटतो हे बाबासाहेबांनी रोमच्याच उदाहरणाने सांगितले आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात ते विचारतात, प्लेबियनांना आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळूनही हाती काही का लागले नाही? कारण निवड देवीला मान्य असावी लागे, आणि देवीची मर्जी सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन. प्लेबियनांनी ते मुकाट्याने मानले. सैनिक उभे करावे लागले नाहीत.

पण पटवणीलाही हद्द असते. सातकर्णीने राज्याच्या १८ व्या वर्षी विजयी छावणीतून हुकूम पाठवला, की पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्खूंना द्यावे. राजाच्या माणसांनी तेथे पाऊल टाकू नये. २४ व्या वर्षी त्याच भिंतीवर राजा आणि राजमाता यांचा दुसरा हुकूम येतो. ते शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून नगराच्या सीमेवरचे १०० निवर्तने शेत द्यावे.

मी हे सांगितले तेव्हा त्याच विद्यार्थिनीने पुन्हा विचारले, "सर, ते गाव सोडून गेले कोण?" लेखात ते नाही. पुढच्या महिन्यात आम्ही नाशिकला जाणार आहोत.