आठ पोर्ट आहेत म्हणून आठ कॅमेरे चालतीलच असं नाही!



पारोळ्यातल्या माझ्या दुकानात आठ कॅमेरे आहेत. एका सकाळी गोडाऊनमध्ये दोन पेट्या माल कमी भरला. रेकॉर्डिंग उघडलं, तर दिवसाचं सगळं स्वच्छ आणि रात्री नेमका गोडाऊनचाच कॅमेरा बंद! बसवणारा म्हणाला, "कॅमेरा खराब आहे, बदला." बदलला. पैसे गेले आणि रात्री पुन्हा तेच.

दोष कॅमेऱ्यात नव्हता, वाटणीत होता.

आपला पीओई स्विच एकाच केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही देतो. 802.3एएफ या स्टँडर्डप्रमाणे एक पोर्ट जास्तीत जास्त 15.4 वॅट देऊ शकतो. आठ पोर्टचे झाले 123 वॅट. पण माझ्या स्विचचं एकूण बजेट होतं फक्त 65 वॅट! प्रत्येक पोर्टची मर्यादा वेगळी आणि सगळ्यांची मिळून मर्यादा वेगळी. आपण पहिलीच बघतो.

आता हिशेब करा. दिवसा एक कॅमेरा 5 वॅट घ्यायचा, आठांचे 40. रात्री इन्फ्रारेड लाईट लागले की 9 वॅट, म्हणजे 72. सात कॅमेरे 63 वॅटमध्ये बसले, आठव्याला काही उरलंच नाही. बऱ्याच स्विचमध्ये वीज कमी पडली की शेवटच्या नंबरचा पोर्ट आधी बंद होतो. माझं गोडाऊन आठवर होतं.

मोठ्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डातही हेच गणित असतं. एका कार्डाची अनेक आभासी कार्डं करता येतात, पण आतल्या रांगा ठरावीकच. एकाला जास्त दिल्या की दुसऱ्याला कमी.

मग खरेदीआधी काय बघायचं?

1. स्विचच्या खोक्यावर पोर्टची संख्या नाही, एकूण पीओई वॅट वाचा.
2. कॅमेऱ्याचे रात्रीचे, म्हणजे जास्तीत जास्त वॅट धरून बेरीज करा. वर थोडी शिल्लक ठेवा.
3. गल्ला, शटर, गोडाऊन हे पहिल्या नंबरच्या पोर्टवर घ्या. प्राधान्य कसं ठरतं ते मॅन्युअलमध्ये बघा.

मी दोन कॅमेरे वेगळ्या छोट्या स्विचवर घेतले. आता मोठ्या स्विचवर रात्रीसुद्धा 54 वॅटच लागतात.

बीबीएला बजेट शिकलो होतो, समजलं ते या डब्यामुळे. धंद्यातही दिवसाच्या खर्चावर नाही, सगळ्यात जड रात्रीवर हिशेब धरा.

आज दुकान बंद करताना एकदा सगळे कॅमेरे मोबाईलवर उघडून बघाच. भेटू पुढच्या व्हिडिओत!